इंग्रजीच्या तासाला अहिराणी

माझ्या सहावीच्या वर्गात इंग्रजी ही बहुतेक मुलांची चौथी भाषा आहे. घरी अहिराणी, शाळेत मराठी, मोबाइलवर आणि पाचवीपासून पुस्तकातही हिंदी, आणि मग इंग्रजी. धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात मी शिकवते. इथे बसस्टँडवर, दुकानात, लग्नात, भांडणात अहिराणीच चालते. 2011 च्या जनगणनेत अहिराणी 'खानदेशी' या भाषेखाली मोजली आहे, आणि त्या खान्यात साडेअठरा लाखांच्या आसपास लोक आहेत. वर्गात काही भिल्ल मुलं आहेत, त्यांची घरची बोली आणखी वेगळी. ऊसतोडीला आईबापांबरोबर गुजरातेत राहून आलेली मुलं गुजरातीही बोलून दाखवतात. एवढ्या भाषा घेऊन आलेल्या मुलांना आपण वर्गाच्या दारात सांगतो, की हे सगळं बाहेर ठेवा आणि आत या. मला ते पटत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

पालकसभेत मला एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पोऱ्या सांगत होता, तुम्ही इंग्रजीच्या तासाला अहिराणी बोलता. मग तो इंग्रजी कधी शिकणार?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. स्वतः दहावीला इंग्रजीत अडकलेला बाप असतो, पोराचं तसं होऊ नये एवढीच त्याची धडपड. प्रशिक्षणातही हेच कानावर पडतं. वर्ग बघायला आलेल्या एका साहेबांनी माझ्या लॉगबुकात शेरा मारला होता, 'इंग्रजीचे अध्यापन इंग्रजीतूनच करावे.' पाठाबद्दल, मुलांबद्दल दुसरं अक्षर नाही. मुलांनी त्या तासाला स्वतःहून इंग्रजीत प्रश्न विचारले होते, त्याची नोंद कुठेच नाही.

हा नियम आला कुठून, हे मी शोधत गेले. आपल्याकडे आधी याच्या अगदी उलट होतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे भाग घोकून माझ्या आजोबांची पिढी इंग्रजी शिकली. वाक्य मराठीत, त्याचं इंग्रजी करा. वाक्य इंग्रजीत, त्याचं मराठी करा. आजोबा इंग्रजी अर्ज झकास लिहायचे, पण बोलायची वेळ आली की गप्प. त्या पद्धतीची ही उणीव खरीच होती. तिकडे युरोप-अमेरिकेत अशाच भाषांतरी शिकवण्याला कंटाळून 'प्रत्यक्ष पद्धत' पुढे आली, म्हणजे जी भाषा शिकवायची ती त्याच भाषेतून शिकवायची. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी 1878 साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथे भाषाशाळा काढली. तिची गोष्ट अशी सांगतात, की ते आजारी पडले तेव्हा फ्रेंच शिकवायला नेमलेल्या माणसाला इंग्रजी येतच नव्हतं. त्याने वस्तू दाखवून, हातवारे करून निभावलं आणि विद्यार्थी भराभर फ्रेंच बोलू लागले. गोष्ट छान आहे. पण ती फी भरून, हौसेने आलेल्या शिकणाऱ्यांच्या छोट्या गटाची आहे. माझ्यापुढे पस्तीस मिनिटांचा तास आणि भरगच्च वर्ग असतो. शिवाय त्या फ्रेंच मास्तरांना विद्यार्थ्यांची भाषा येत नव्हती, मला येते. येत असताना येत नसल्याचं सोंग का करायचं?

पुढे 1961 साली युगांडात मकेरेरे इथे राष्ट्रकुलातल्या देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. तिथून पक्क्या होत गेलेल्या पाच समजुती भाषाअभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 साली एकेक करून तपासल्या. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच नीट शिकवता येतं, तिचा आदर्श शिक्षक म्हणजे ती ज्याची मातृभाषा आहे तो, जितकी लवकर सुरुवात तितकं बरं, जितकी जास्त शिकवाल तितकं बरं, आणि दुसऱ्या भाषा वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो. फिलिप्सन यांनी या पाचही समजुतींना भ्रम म्हटलं. मी ते वाचलं तेव्हा मला आमच्या तालुक्याचीच यादी वाचल्यासारखं वाटलं, कारण आमच्याकडच्या सभांमध्ये ही पाचही वाक्यं आजही जशीच्या तशी बोलली जातात. युगांडातली परिषद कुणाला ठाऊक नसते, तिची वाक्यं मात्र सगळ्यांना पाठ असतात.

आता वर्गात काय होतं ते सांगते, कारण मला बोलायचंय ते त्याबद्दल.

इंग्रजीत 'मेक्स' आणि 'इज मेकिंग' यांतला फरक मुलांच्या डोक्यात बसत नाही, ही सगळ्या इंग्रजी शिक्षकांची तक्रार. व्याकरणाच्या पुस्तकात 'साधा वर्तमानकाळ' आणि 'चालू वर्तमानकाळ' अशी नावं असतात, मुलं नावं पाठ करतात आणि पेपरात दोन्हींची खिचडी करतात. आता मराठीत 'आई काय करते?' असं विचारलं तर त्याचे दोन अर्थ होतात. आई काय काम करते, नोकरी की शेती, हा एक. आणि आत्ता या घडीला आई काय करतेय, हा दुसरा. बोलण्यात आपण दोन्हीकडे 'करते' वापरून मोकळे होतो. अहिराणीत तसं होत नाही. 'माय काय करस?' वेगळं आणि 'माय काय करी ऱ्हायनी?' वेगळं. खानदेशातलं चार वर्षांचं पोर यात चुकत नाही.

म्हणून मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते, देवनागरीत, अहिराणीत.

माय रोज भाकर करस.
माय आते भाकर करी ऱ्हायनी.

फळ्यावर अहिराणी लिहिलेली बघून वर्गात आधी हसू फुटतं. इतक्या वर्षांत त्यांनी ती कधी फळ्यावर पाहिलेलीच नसते. मग विचारते, पहिल्या वाक्यात आत्ता चूल पेटलीय का? "नही मॅडम!" माय आत्ता वावरात असेल तरी चालेल का हे वाक्य? "चाली!" आणि दुसऱ्यात? मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, "धूर निंघी ऱ्हायना!" धूर निघतोय. झालं, याहून चांगली व्याख्या मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही. मग त्याच दोन वाक्यांखाली इंग्रजी लिहायचं. 'मदर मेक्स भाकरी एव्हरी डे.' 'मदर इज मेकिंग भाकरी नाउ.' 'ऱ्हायनी' जिथे तिथे 'इज', एवढी जोडी दाखवली की पुढची वाक्यं मुलंच करतात. बाप वावरमा जास, बाप वावरमा जाई ऱ्हायना. यानंतर अहिराणी पुसून टाकायची आणि बाकीचा सगळा तास इंग्रजी. खिडकीतून जे दिसेल ते सांगायचं. 'अ मॅन इज रायडिंग अ बायसिकल. टू डॉग्ज आर फायटिंग.' अहिराणीला त्या तासातली पाच-सहा मिनिटं लागतात. तेवढी दिली नाहीत तर पुढच्या अर्ध्या तासात मी नुसतं वाक्य म्हणून घेते आणि मुलं म्हणतात, अर्थ कुणाच्याच हाती लागत नाही.

ही जोडी सगळीकडे जुळत नाही, हेही त्यांना सांगावं लागतं. 'माले समजी ऱ्हायनं' हे आपल्याकडे अगदी बरोबर, मराठीतही 'मला समजतंय' चालतं, पण म्हणून इंग्रजीत 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' असं मुलं लिहितात. तिथे मी सरळ सांगते, इथे इंग्रजीची वाट वेगळी आहे, तिच्या वाटेने चला. हे सांगायलाही मला त्यांची वाट माहीत असावी लागते.

दुसरी गंमत 'एस'ची. 'ही गो', 'शी ईट' ही चूक महाराष्ट्रभर होते. आमच्याकडे तिच्या जोडीला उलटी चूकही होते. मुलं 'आय गोज' म्हणतात, 'आय टेल्स' म्हणतात, 'दे ईट्स' म्हणतात. बाहेरून आलेल्या शिक्षकांना वाटतं, पोरं कुठेही 'एस' चिकटवतात, लक्षच देत नाहीत. मला वाटतं, ते उगीच चिकटवलेलं नसावं. अहिराणीत 'मी सांगस, तू सांगस, तो सांगस' असंच आहे, अनेकवचनात 'त्या जातस'. वर्तमानकाळ म्हटला की शेवटी 'स' वाजतो, हे कानात बसलेलंच असतं. 'ही गोज' ऐकलं की मुलाला ते ओळखीचं वाटतं आणि ते तो 'आय'लाही लावतो. मी हे वर्गात उघड करून दाखवते. आपल्याकडे 'स' सगळ्यांना, इंग्रजीत 'स' फक्त 'ही, शी, इट'ला. दोन ओळी फळ्यावर समोरासमोर ठेवल्या की मुलं स्वतःच एकमेकांच्या वह्या तपासू लागतात. "तुना स काढ!" असं एकमेकांना ओरडतात. चूक का झाली हे कळलेल्या मुलाला चुकण्याची लाज वाटत नाही, आणि ज्याला लाज वाटत नाही तो पुन्हा तोंड उघडतो.

'अ' आणि 'द' शिकवताना मला माझी भाषा सर्वांत जास्त उपयोगी पडली. मराठीत असलं काही नाहीच, असं सांगून आपण सुरुवात करतो आणि मुलं तिथेच हात टेकतात. शब्द नाहीत हे खरं, पण तो फरक आपण दुसऱ्या रीतीने दाखवतोच. 'पाटील सालदार शोधतायत' आणि 'पाटील सालदाराला शोधतायत' ही वाक्यं मी वर्गात ठेवते. आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याला सालदार म्हणतात, निम्म्या वर्गाच्या नात्यात कुणी ना कुणी सालदार असतोच. दोन वाक्यांत फरक काय, विचारलं की क्षणात उत्तर येतं. पहिल्यात पाटलांना कुणीही चालेल, अक्षय्यतृतीया जवळ आलीय, नवीन गडी पाहिजे. दुसऱ्यात त्यांचाच ठरलेला सालदार, उचल घेऊन कुठेतरी गेलेला. अहिराणीत तिथे 'ले' लागतो, 'सालदारले'. मग मी म्हणते, पहिल्यात 'अ', दुसऱ्यात 'द'. ज्या गोष्टीसाठी मी व्याकरणाची चार पानं वाचून दाखवली असती ती त्यांना आधीच येत होती, फक्त आपल्याला ती येते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. निर्जीव वस्तूंना ही युक्ती लागू पडत नाही. 'पुस्तक शोधतोय' यात कोणतं पुस्तक ते कळत नाही, आणि 'द सन', 'द तापी' हे तर वेगळंच प्रकरण. ते नंतर, उदाहरणं देत देत. पण पहिला दरवाजा उघडलेला असतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही भाषांतरच करता. नाही. धडा वाचायचा आणि ओळीओळीचा मराठी अर्थ सांगत जायचं, या शिकवण्याला माझा ठाम विरोध आहे. गाईडमध्ये इंग्रजी परिच्छेदाखाली मराठी छापलेलं असतं, तेच शिक्षक तोंडी करतात. त्या वर्गात मुलं इंग्रजी ऐकतच नाहीत. कशाला ऐकतील? अर्थ मागून मराठीत येणारच असतो, ते शांतपणे त्याची वाट बघतात. असा वर्ग पाचवीपासून दहावीपर्यंत काढलेल्या मुलाच्या कानावर मिळून किती इंग्रजी पडलं असेल? 'इंग्रजीतूनच' म्हणणाऱ्यांचा राग या वर्गावर असतो आणि तो रास्त आहे. इथल्या मुलाला इंग्रजी ऐकायला शाळेशिवाय जागा नाही, त्या तासातला मिनिटन्‌मिनिट मोलाचा आहे, हे मी त्यांच्याइतक्याच कळकळीने मानते.

माझी रीत अशी, की नवीन काही आलं तर आधी इंग्रजी, मग एकदाच, हळू आवाजात, आपल्या भाषेत, आणि लगेच पुन्हा इंग्रजी. 'डोन्ट लीन आउट ऑफ द विंडो. खिडकीतून बाहेर वाकू नका. डोन्ट लीन आउट ऑफ द विंडो.' दुसऱ्या दिवशी तेच वाक्य आलं तर मराठी नाही, नुसता हात दाखवायचा. तिसऱ्या वेळी हातही नाही. वोल्फगांग बुट्झकाम या जर्मन अभ्यासकांनी या रीतीला सँडविच म्हटलंय. त्यांच्याही आधी, 1967 साली, वेल्समध्ये सी. जे. डॉडसन यांनी द्विभाषिक पद्धत मांडली होती. वाक्याचा अर्थ मातृभाषेत एकदा सांगून मोकळं व्हायचं आणि वाचलेला वेळ नवी भाषा बोलण्यात घालवायचा, असा तिचा रोख. घरची भाषा एक आणि राज्यकारभाराची दुसरी, हे वेल्सच्या माणसाला सांगावं लागत नाही. मला वाटतं म्हणूनच त्यांना हे सुचलं असावं. आपल्याकडेही एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या शाळांमध्ये जो प्रयोग केला, त्यात मुलांपुढे सोडवायचं कोडं किंवा काम इंग्रजीत असायचं, पण ते सोडवताना मुलांनी आपसात आपली भाषा बोलायला बंदी नव्हती. हे आपल्या घरातलं काम आहे, पण त्याची ओळख मला डी.एड.ला झाली नाही. प्रत्यक्ष पद्धतीची व्याख्या मात्र परीक्षेला नेमाने यायची.

आणि काही गोष्टी मी कधीच मराठीत करत नाही. हजेरी, फळा पुसायला सांगणं, पाणी प्यायला जाणं, पेन मागणं, कोण पुढे जाणार यावरून होणारी भांडणंसुद्धा. 'इट्स माय टर्न' हे वाक्य माझ्या वर्गात सगळ्यांना येतं, कारण त्याची रोज गरज पडते. इथे भाषांतर करून दिलं तर इंग्रजी वापरण्याची हक्काची वेळच हिरावून घेतल्यासारखं होईल.

परीक्षेबद्दल थोडक्यात, कारण हे फार कुणी बोलत नाही. मुलं पुष्कळदा उत्तर न आल्याने नापास होत नाहीत, प्रश्न काय सांगतोय ते न कळल्याने होतात. 'रीराइट', 'फाइंड आउट', 'पिक द ऑड वन आउट', 'गिव्ह रीझन्स'. ही वीस-पंचवीस वाक्यं मी जून-जुलैमध्ये मराठी अर्थासह वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेते. यात शिकवण्याची मोठी कला काही नाही. पण एवढं केलं की पहिल्याच घटक चाचणीत फरक दिसतो.

मला सगळ्यांत जास्त काय लागतं ते आता लिहिते.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळांमधून पाचवीला परत येणारी मुलं वाढली आहेत. फी परवडेनाशी होते, गाडी बंद होते, कारणं बरीच. अशीच एक मुलगी आली. टापटीप, अक्षर मोत्यासारखं. तिला पुस्तक दिलं, तिने पानभर इंग्रजी न अडखळता वाचलं. वर्ग बघत राहिला. मी इंग्रजीत विचारलं, काय वाचलंस? गप्प. मराठीत विचारलं, या पानात कुणाची गोष्ट आहे? गप्पच. मान खाली. तिच्या आधीच्या शाळेत मराठी बोललं की दंड होता, हे तिच्या आईकडून मला नंतर कळलं. मी बाकाजवळ गेले आणि अहिराणीत विचारलं, काय झालं वं, सांग ना. तिने वर पाहिलं. बाईंच्या तोंडून अहिराणी ऐकायची तिला सवय नव्हती. मग हळूच म्हणाली, "वाचता येस मॅडम, समजस नही."

चार-पाच वर्षं ही मुलगी शाळेत जात होती. तिला समजत नाही हे सांगायला तिला त्या वर्गात भाषाच ठेवलेली नव्हती. इंग्रजीत सांगण्याइतकं इंग्रजी येत नव्हतं, आणि दुसरं काही बोलायची मुभा नव्हती. तिच्या शिक्षकांना वाटत होतं तिला येतंय. मातृभाषा वर्गात कशाला हवी, याचं माझ्याजवळचं सगळ्यांत खरं उत्तर हे आहे. अर्थ सांगणं, व्याकरण समजावणं या गोष्टी पुढच्या. 'मला कळलं नाही' हे ज्या भाषेत न लाजता म्हणता येतं, ती भाषा वर्गात असलीच पाहिजे. त्या मुलीबरोबर मी काही महिने रोज एकच गोष्ट केली. धड्यातला एक परिच्छेद तिने वाचायचा आणि मला तो अहिराणीत सांगायचा. भाषांतर करायचं नाही, गोष्ट सांगायची, घरी आजीला सांगतात तशी. जिथे अडायची तिथेच नेमका अर्थ अडलेला असायचा. दिवाळीनंतर ती मधूनमधून एखादं वाक्य इंग्रजीत घालू लागली, मी सुचवलेलं नसताना.

'मातृभाषा' म्हणजे मराठी असं आपण धरून चालतो, तिथेही माझी हरकत आहे. आमच्या मुलांना दोनदा टोकलं जातं. मराठीच्या तासाला 'शुद्ध बोल, गावंढळ बोलू नकोस' आणि इंग्रजीच्या तासाला 'मराठी बोलू नकोस'. मग त्याने बोलायचं तरी कुठे? जॉर्ज ग्रिअर्सन यांनी ब्रिटिश काळात केलेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणात, 1907 च्या खंडात, खानदेशीचं व्याकरण आणि नमुने छापलेले आहेत. शंभर वर्षांहून आधी जिचं व्याकरण लिहिलं गेलं ती बोली 'बिघडलेली मराठी' म्हणून मुलाच्या तोंडातून काढून घ्यायची, हे मला सहन होत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 मध्ये बहुभाषिकता हे वर्गातलं साधन मानलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. कागद आपल्या बाजूने आहेत. आपण ते वर्गात आणत नाही.

भिल्ल मुलांची बोली मला येत नाही. तिथे मी मुलांचीच मदत घेते. एक मुलगा इंग्रजी वाक्य समजून घेतो आणि शेजारच्याला त्यांच्या बोलीत सांगतो, मग दोघं मिळून मला इंग्रजीत उत्तर देतात. वर्गात कुजबुज वाढते, बाहेरून जाणाऱ्याला गोंधळ वाटतो. मुख्याध्यापक दोनदा डोकावून गेले. आता डोकावत नाहीत, कारण त्या बाकांवरून हात वर येऊ लागलेत हे त्यांनी पाहिलंय.

आपल्या राज्यात 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. खेड्यातल्या मुलाला पाचवीपर्यंत इंग्रजीचं तोंड बघायला मिळू नये हा अन्याय होता, तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. मात्र इंग्रजी आली तिच्याबरोबर 'फक्त इंग्रजी' ही सक्ती यायची काही गरज नव्हती.

नवीन लागलेल्या, बाहेरच्या जिल्ह्यातून आमच्याकडे आलेल्या शिक्षकांना माझं सांगणं एवढंच असतं, की आधी महिनाभर मुलांचं बोलणं ऐका. मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहून ऐका. कोल्हापूरहून, लातूरहून आलेल्या माणसाला अहिराणी लगेच बोलता येणार नाही, बोलायची गरजही नाही. 'शे' म्हणजे आहे, 'माले' म्हणजे मला, 'कथा चालना' म्हणजे कुठे चाललास, एवढं कळलं तरी मुलं जवळ येतात. मग त्यांच्या इंग्रजी वह्यांतल्या चुका गोळा करा आणि प्रत्येक चुकीच्या मागे त्यांच्या बोलीतलं कोणतं वाक्य उभं आहे ते शोधा. मी अशी एक वही ठेवली आहे. डावीकडच्या पानावर मुलाचं इंग्रजी वाक्य, उजवीकडे तेच तो घरी कसं म्हणेल ते. पाठ टाचणापेक्षा मला तिचा उपयोग जास्त होतो.

विदर्भातल्या शिक्षकांशी बोलताना कळलं, की त्यांच्याकडे 'काय करून राह्यला' म्हणतात, म्हणजे आमच्या 'करी ऱ्हायना'चाच भाऊ. तिथेही 'इज डूइंग' असंच शिकवता येईल. मालवणीत, झाडीबोलीत, बंजाऱ्यांच्या गोरमाटीत, कोकणात आणि मराठवाड्यात तुमची मुलं 'रोज करते' आणि 'आत्ता करतेय' हे वेगळं कसं म्हणतात? दोन-दोन वाक्यं लिहून पाठवा, मुलं बोलतात तशीच, शुद्ध न करता. आणि त्यांच्या इंग्रजीतली नेहमीची एक चूकही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला ती वही नीट लिहून काढायची आहे.